छत्रीवाले, जिनेवाले

देवरामने फोनची वायर मोठ्या बॉक्सला जोडली, आवाजाची कळ जेमतेम फिरवली आणि छत्रीच्या चित्रावर बोट ठेवलं. फोनने रोजच्यासारखं इंग्रजीत काहीतरी विचारलं. खाली दोन बटणं उमटली, एक राखाडी आणि एक निळं. देवरामने न वाचता निळं दाबलं, दोन ढोलांच्या मधे जागा करून पोत्यावर बसला आणि भिंतीला पाठ टेकली.

आधी नुसता वारा वाजला. मग लांबून कुणीतरी एकच सूर धरला आणि तो सोडीचना. देवरामला आता हे पाठ झालं होतं. आणखी थोडं थांबलं की गिटार येणार, मग ड्रमवाला आगंतुकासारखा मधेच घुसणार, आणि मग ही सगळी मंडळी कुठच्या कुठे निघून जाणार. गाणाऱ्याचा पत्ता लागेपर्यंत हातातला चहा निवून जायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तीन-चार गाणी एकमेकांत अडकलीत आणि फोन बिघडलाय, असंच त्याला वाटलं होतं.

“लागलं काय तुमचं?” ओटीवरून सकुबाईने विचारलं. ती सुपात तांदूळ घोळवत होती.

“लागलं,” देवराम म्हणाला.

सुरुवातीला ती याहून जास्त विचारायची. हे कोण, कुठचे, रडतात का भांडतात, आणि हळदीत वाजवणार काय हे. देवरामकडे यातल्या एकाचंही धड उत्तर नव्हतं. हळूहळू तिने विचारणं सोडलं. आता संध्याकाळी सामानाच्या खोलीतून हा आवाज आला की ती दिवाबत्तीला उठायची, इतकी तिला त्याची सवय झाली होती.

सामानाची खोली म्हणजे देवरामच्या बेंजो पार्टीचं सामान ठेवायची खोली. शहापूर तालुक्यात आणि पलीकडे मुरबाडला, हळद म्हटली की सापगावच्या देवरामला विचारून तारीख ठरवणारी घरं आजही आहेत. डीजेवाले आले, त्यांच्या भिंतीएवढ्या पेट्या आल्या, तरी देवरामचा टेंपो काही थांबला नाही. कारण हळदीच्या अंगणात लोकांना काय हवं आहे ते लोकांच्या आधी त्याला कळायचं. म्हातारी माणसं कधी नाचायला उठतील, पोरींना कधी चाल उचलून द्यायची, दमलेल्या गर्दीला कुठलं जुनं गाणं काढून पुन्हा उभं करायचं, हे सगळं त्याच्या बोटांत होतं. याचा त्याला अभिमान होता आणि तो लपवतही नसे.

फोन मात्र ओमकारचा होता. ओमकार त्याचा एकुलता मुलगा. नवा फोन घेतला तेव्हा जुना त्याने बापाला दिला होता आणि त्यात गाण्यांचं ॲप टाकून दिलं होतं, स्वतःच्या खात्याचं. नवी गाणी तालमीआधी ऐकायला बरी पडतील म्हणून. इंग्रजीशी देवरामचं कधी जमलं नाही. एकेक अक्षर लावत नाव वाचेपर्यंत फोनचा उजेड जायचा. तेव्हा ओमकारनेच तोड काढली होती. काय पण इचारलं तर निळं दाबायचं, बाबा, राखाडीच्या वाटेला जायचं नाय. देवरामने ते मंत्रासारखं धरून ठेवलं होतं.

हे सगळं भांडणाच्या आधीचं. भांडण तरी कसं म्हणायचं, दोघांपैकी कुणी बोललंच नव्हतं.

मागल्या वर्षीच्या वैशाखात मुरबाडकडच्या एका गावात हळद होती. अंगण भरलेलं, माणसं रंगात आलेली. ओमकार कीबोर्डवर होता. चालू गाण्याच्या मधेच त्याने दुसरंच काहीतरी काढलं. पहिल्यांदा लोकही त्याच्यामागे गेले. मग पाय अडखळायला लागले, कारण प्रत्येक फेरीला एक मात्रा कमी पडत होती, आणि पाय टेकायला जावं तिथे जमीन मिळत नव्हती. नाचणारे हात वर धरून तसेच उभे राहिले. नवरदेवाच्या मामाने विचारलं, काय रे, करंट गेला काय? लोक हसले. देवरामने डोळ्यांनी खूण केली, पण ओमकारचे डोळे मिटलेले होते. पुन्हा केली. मग तो वाकला आणि त्याने कीबोर्डची वायर ओढून काढली.

ओमकारची बोटं मुक्या पट्ट्यांवर क्षणभर तशीच चालत राहिली. त्याच्या मुरबाडच्या कॉलेजातले मित्र समोरच उभे होते. देवरामने बेंजोवर दणकून नाचाचं गाणं उचललं, लोक पुन्हा नाचायला लागले, आणि दोन माणसं सोडली तर ती गोष्ट कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

त्यानंतर ओमकारने कीबोर्ड खोळीत घालून माळ्यावर ठेवला आणि चाकणला एका कंपनीत नोकरी धरली. दर रविवारी तो आईला फोन करायचा. सकुबाई फोनचा आवाज मोठा करून बोलायची, नको तितक्या मोठ्याने, आणि शेवटी न चुकता म्हणायची, बाबा हायेत इथंच, देऊ काय? पलीकडून न चुकता उत्तर यायचं, असू दे. तोवर देवराम गोठ्याकडे निघालेला असायचा.

“एक फोन करा तुमी,” सकुबाई म्हणायची. “पोरगा हाय आपला.”

“त्याला तोंड नाय काय?” देवराम म्हणायचा.

यंदा भाताची लावणी उरकली आणि पावसाचे रिकामे दिवस आले, तेव्हा येत्या हंगामासाठी नवं काय काय आलंय ते बघावं म्हणून देवरामने ते ॲप उघडलं. वरच्या ओळीत चित्रं होती. जळलेल्या शेतात उभी एक पांढरी छत्री. समुद्रातून वर येणारा आणि कुठेच न पोचणारा जिना. रिकाम्या बाजारात टांगलेला कंदील. हळदीच्या गाण्यांवर अशी चित्रं नसतात. कंपनीच पाठवत असेल असं समजून त्याने छत्री दाबली, आणि मग तो फोन बिघडल्याचा प्रकार झाला.

त्याला ते आवडलं नाही. पण सोडवेनाही. वादक म्हणून त्याला राग आला होता. एवढी चांगली चाल हातात असताना हे लोक ती टाकून का जातात? मधेच वेग का बदलतात? यांना कुणी वडीलधारं नाही का? दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा लावलं, यांची नेमकी कुठे चूक होते ते पकडायला. मांडीवर ठेका धरला आणि लक्षात आलं की ठेका सातचा आहे. भजनात रूपक वाजतो, तोही सातचाच. म्हणजे मात्रा कमी पडत नव्हती, मात्रा तेवढ्याच होत्या. तिसऱ्या दिवशी तो चुका शोधायचं विसरून गेला.

नावं वाचता येत नसल्यामुळे त्याने आपली नावं दिली. छत्रीवाले, जिनेवाले, कंदीलवाले. कंदीलवाल्यांत एक बाई होती, ती शब्द कमी आणि नुसता आवाजच जास्त लावायची, पण देवरामला तिचं सगळं समजल्यासारखं वाटायचं. जिनेवाले भलतेच तयारीचे, पण हात चालतो म्हणून तो चालवतच सुटायचे, हा देवरामचा त्यांच्यावर कायमचा आक्षेप होता. छत्रीवाले खरे गुणी. मोजून बोलणारे. त्यांच्या चित्राखाली साल छापलेलं होतं, ते त्याला वाचता आलं. म्हणजे आपण अंगणात रांगत होतो तेव्हा कुठल्याशा गार मुलखात चार पोरं बसून हे रचत होती, या विचाराने त्याला उगाचच हसू आलं.

सुरुवातीला तो आवडेल ते एखादं गाणं वाजवायचा. एकदा शेण काढायला उठला आणि फोन तसाच चालू राहिला, तेव्हा त्याला कळलं की एक गाणं संपतं तिथेच दुसरं सुरू होतं, मधे फट नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत ते सगळं मिळून एक होतं. मधलं काही गाळलं तर शेवटी जे येतं त्याचा धक्काच बसत नाही. तेव्हापासून तो मधे उठायचा नाही. कुणी हाक मारली तरी सकुबाईच बाहेरून सांगायची, आता नाय येणार ते, संपू दे.

आणि असंच एकदा छत्रीवाल्यांचं शेवटचं लांबलचक गाणं त्याने पहिल्यांदा पुरतं ऐकलं. सुरुवातीला एक साधी चाल येते, एखाद्या पोराने वाटेने गुणगुणावी तशी. मग ती हरवते. ठेका मोडतो, वाद्यं आपापल्या वाटेने जातात, गोंधळ होतो, आणि ऐकणारा ती चाल विसरूनही जातो. मग खूप वेळाने ऑर्गनवर हळूच तीच चाल परत येते. गिटार तिला येऊन मिळते, मग ड्रम, मग तो गाणारा. देवराम पोत्यावर ताठ बसला. ही चाल त्याने ऐकली होती. मुरबाडकडच्या त्या अंगणात, ओमकारच्या हातून. आणि तो मधला गोंधळही.

ही चित्रं कंपनी पाठवत नव्हती, ओमकार जे ऐकत होता तेच वर दिसत होतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि पोरगा परतीच्या वाटेला लागला होता, आपण मधेच वायर ओढली, हेही कळलं. हळदीत ते चाललं नसतंच, लोकांनी शेवटपर्यंत दम धरला नसता, हे खरं होतं. तरी त्याला फार वाईट वाटलं. उठून त्याने बॉक्स बंद केला आणि गुरांना पाणी दाखवायला गेला.

त्या रविवारी सकुबाईने देऊ काय म्हटलं तेव्हा तो गोठ्याकडे गेला नाही. ओटीच्या खांबाला धरून उभा राहिला. पलीकडून असू दे आलं.

पुढे पुढे तो ऐकायचा ते गाण्यासाठी, आणि थोडं ओमकारसाठीही. आज पोराने काय ऐकलं, कालचंच पुन्हा का नवं, यावरून तो बरा आहे की नाही याचा अंदाज बांधायचा. सहाला सुटतो, कंपनीच्या बसने खोलीवर येतो, जेवणाचे हाल होतात, एवढं सकुबाईच्या फोनमधून समजलं होतं. बाकीचं तो चित्रांवरून ताडायचा. हे चोरून ऐकणं आहे याची त्याला लाज वाटायची. पण ओमकारला कुठे कळतंय, अशी स्वतःची समजूत घालून तो रोज कामावरून आला की निळं बटण दाबायचा.

एकच दुःख होतं. बोलायला कुणी नव्हतं. जिनेवाल्यांचं ते दोन गिटारींचं भांडण ऐकून आपल्याला असं असं वाटलं, तुला काय वाटतं, हे विचारावं असं माणूस सापगावात नव्हतं, शहापुरात नव्हतं, मुरबाडलाही नव्हतं. जगात त्याच्या ओळखीचा तसा एकच माणूस होता.

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होणार, म्हणून भातकापणीच्या धांदलीतच तालमी धरल्या होत्या. ओमकारच्या जागी आता सुनिल वाजवायचा. तो मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होता, शुक्रवारी त्याची सुट्टी, त्या दिवशी मोटारसायकल घेऊन यायचा. साधा, हसरा, सांगितलं तेवढंच वाजवणारा. त्या शुक्रवारी बाकीचे कापणीवरून यायला उशीर झाला आणि खोलीत दोघेच होते. देवरामला राहवलं नाही. एक ऐकवतो तुला, फार नाय, तो म्हणाला, आणि त्याने फोन काढला.

चित्र दाबलं, चौकट आली, त्याचं बोट निळ्याकडे गेलं. सुनिलने त्याचा हात धरला.

“थांबा दादा. हे वाचलं काय तुमी?”

“रोजच इचारतं. निळं दाबायचं.”

सुनिलने फोन हातात घेऊन पुन्हा वाचलं. “दुसऱ्या फोनवर गाणं चालू हाय म्हनतं. तिकडचं बंद करून इकडं लावू काय, असं इचारतं. निळं म्हंजे हो.”

“दुसरा फोन कुनाचा?”

“खातं कुनाचं हाय? ओमकारचंच ना? मग त्याचाच. एका खात्यावर एकाच ठिकानी वाजतं, दादा. तुमी लावलं की त्याचं बंद पडनार.”

सुनिलला आपण काय सांगितलं ते अजून उमगलं नव्हतं. तो हसत पुढे म्हणाला की ओमकारलाही दिसतच असणार, कुठच्या फोनने बंद केलं ते तिकडे लिहून येतं. मनात आणलं तर तो पासवर्ड बदलून मोकळा झाला असता, चहा ओतायला लागतो तेवढा वेळ. मग त्याने देवरामच्या तोंडाकडे बघितलं आणि फोन ढोलावर ठेवून दिला.

त्या दिवशीच्या तालमीत देवराम आयुष्यभर वाजवलेल्या गाण्यात चुकला. पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

त्याच्या डोळ्यांपुढून एकच गोष्ट हलत नव्हती. पोरगा दिवसभर उभं राहून सुटतो. बसमधे खिडकी मिळाली तर मिळाली. कानात वायर घालतो, डोळे मिटतो, गाणं सुरू होतं, आणि मधेच बंद पडतं. आषाढापासून, रोज. एकदा सगळ्यांच्या समोर केलं होतं, तेच आपण घरात बसून रोज करत आलो, आणि वर त्याचा आनंद घेतला, असं त्याला वाटलं. सुनिल शेवटी पासवर्डचं जे बोलला, ते त्याने ऐकलं होतं. पण त्याचा अर्थ काढायचं त्याला धाडस झालं नाही. माणूस आशेला घाबरतो तो असा.

त्याने लावणं बंद केलं.

“बॉक्स बिघडला काय?” सकुबाईने दुसऱ्याच दिवशी विचारलं.

“नाय.”

“मग?”

“झोडनी पडली हाय सगळी. टाइम कुठं हाय?”

सकुबाईने त्याच्याकडे बघितलं. भाताची झोडणी दरवर्षीच असते. थोड्या वेळाने ती स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली की घर कसंतरीच वाटतं, कायतरी चालू असायचं ते बरं होतं. रडतात का भांडतात असं ज्यांच्याबद्दल विचारायची, ती गाणी तिलाही आठवत होती, याचं देवरामला नवल वाटलं.

संध्याकाळी तो ॲप उघडायचा, पण नुसता बघायचा. वर एक नवं चित्र आलं होतं. विहिरीत सोडलेली शिडी, आणि विहिरीच्या तळाला निळं आकाश. देवरामचं बोट त्यावर जाऊन परत यायचं. या वेळी बस निघाली असेल, तो हिशोब करायचा, आता पोरगा ऐकत असेल, आणि या खेपेला शेवटपर्यंत ऐकेल. यात त्याला थोडं समाधान मिळायचं. एरवी चित्रं बदलायची. ते शिडीचं चित्र मात्र दिवसेंदिवस तसंच वर होतं. फारच आवडलेलं दिसतंय त्याला, असं देवरामने ठरवून टाकलं.

बुधवारी दोघं खळ्यात होती. ऊन उतरलं होतं. देवराम फळीवर पेंढी आपटत होता आणि सकुबाई उडालेला भात केरसुणीने आत लोटत होती. तिच्या कमरेचा फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. बुधवारी ओमकार कधी फोन करत नसे.

“काय रे, बरा हायेस ना?” ती म्हणाली, आणि मग ऐकत राहिली. या वेळी तिने आवाज मोठा केला नव्हता. “बरे हायेत की. नाय, ताप-बीप काय नाय. जेवतात ना, का नाय जेवनार? का रे?”

देवराम पेंढी हातात धरून उभा राहिला.

“खळ्यातच हायेत,” सकुबाई म्हणाली. “देऊ काय?”

ती सवयीने विचारून गेली होती आणि सवयीने उत्तराची वाट न बघता फोन खाली करायला लागली होती. मग थांबली. काही न बोलता तिने फोन देवरामपुढे धरला.

देवरामने पेंढी काखेत मारली, तळवा धोतराला पुसला आणि फोन कानाला लावला. पलीकडे बसची घरघर होती आणि कुणीतरी कुणाला तरी पुढे सरकायला सांगत होतं.

“बाबा.”

“हां.”

सकुबाई पाठ फिरवून झाडलेलीच जागा पुन्हा झाडायला लागली.

“लावत नाय तुमी,” ओमकार म्हणाला.

“तुझं बंद पडतं रे,” देवराम म्हणाला. “मला म्हाईत नव्हतं. शुक्रवारी सुनिलने वाचून दावलं.”

“मला पयल्या दिवसापासून म्हाईत हाय.” मधे बसचा हॉर्न वाजला. तो संपेपर्यंत ओमकार थांबला. “पडू दे.”

देवरामला पुष्कळ बोलायचं होतं. महिनोन् महिने साठलेलं होतं, छत्रीवाल्यांबद्दल, त्या बाईबद्दल, जिनेवाल्यांच्या आगाऊपणाबद्दल.

“त्या हळदीत तू वाजवत होतास,” तो म्हणाला, “ते शेवटाला परत येतं. मी ऐकलं.”

पलीकडे नुसती घरघर राहिली. फोन लागून आहे की नाही ते बघायला देवरामने तो कानावरून काढला आणि पुन्हा लावला.

“ते शिडीचं चित्र हाय ना वर,” ओमकारचा आवाज आला, थोडा घोगरा. “ते तुमच्यासाठीच काढून ठेवलंय. एक झालं की पुढचं, असंच काढून ठेवतो मी. शिडीला तुमी हातच लावला नाय. मला वाटलं, आजारी-बिजारी पडलात काय.”

“नाय रे.”

“मग लावा आता. मी बसमधीच हाय.”

“आनि तू काय ऐकशील मग?”

“मी बसंन असाच,” ओमकार म्हणाला. “तुमी लावलंत की कळंल मला.”

देवरामने फोन सकुबाईच्या हातात दिला. तिने तो कानाला लावून बघितला, बंद झाला होता. ती वाकून पुन्हा भात लोटायला लागली आणि वर न बघताच तिने विचारलं, “काय म्हनला?”

“लावा म्हनतो,” देवराम म्हणाला. काखेतली पेंढी अजून झोडायची राहिली होती. तो फळीकडे वळला.

सकुबाईने ती त्याच्या काखेतून ओढून घेतली.

“मग जावा की,” ती म्हणाली. “भात काय पळत नाय.”